घरी विचारून कळवतो

चूक चपलांची होती, असं मी अजूनही म्हणतो. बायको म्हणते, चपला बिचाऱ्या काय करणार, त्यांना न्याल तिथे त्या जातात.

झालं एवढंच, की श्रावणातल्या एका संध्याकाळी भाजी घेऊन परतताना सर आली आणि आडोशाला म्हणून मी स्कूटर सातारा रस्त्यावरच्या एका गाड्यांच्या शोरूमपाशी थांबवली. आडोसाच घ्यायचा तर तो आत जाऊन का घेऊ नये, असा विचार मनात आला. पायात रबरी चपला, हातात पिशवी, पिशवीतून डोकं बाहेर काढून बसलेली मेथीची जुडी. दारातल्या मुलानं आधी चपला पाहिल्या, मग मेथी, मग काचेपलीकडे भिजणारी माझी स्कूटर, आणि एवढं होऊनही वेळ उरला म्हणून माझा चेहरा.

"काका, सर्व्हिसिंग मागच्या बाजूला आहे."

काका! बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा लोकांनी 'साहेब' म्हटलं. निवृत्तीच्या दिवशी शिपायानं हार घालतानासुद्धा "साहेब, मान खाली" असंच म्हटलं होतं. मी ताठ होऊन म्हणालो, "मी गाडी बघायला आलोय."

"बघा ना काका," तो म्हणाला आणि मोबाइल बघू लागला. पूर्वी पेशवे पार्कात पोरांना मोर दाखवताना जसं 'बघा ना' म्हणायचे, तसं.

शोरूममध्ये माणसाच्या तीन पायऱ्या असतात, हे मला त्या दिवशी कळलं. 'सर' म्हणजे घेणारा. 'काका' म्हणजे बघणारा. आणि तिसऱ्या पायरीवरच्याला काहीच म्हणत नाहीत, त्याच्या पलीकडची गाडी दिसत असल्यासारखं त्याच्यातून आरपार बघतात. मी सात मिनिटांत दुसरीवरून तिसरीवर उतरलो. तेवढ्यात एका कुटुंबाच्या गाडीची डिलिव्हरी निघाली. साटीनचं कापड ओढलं गेलं, नारळ फुटला, टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात घेऊन त्यांनी फोटो काढला. त्यात उजवीकडे अर्धा मी आणि पूर्ण मेथी आलो आहोत. त्यांनी मला पेढाही दिला. त्या दुकानात मला माणूस म्हणून ओळखलं ते गिऱ्हाइकांनी.

त्या रात्री झोप आली नाही. 2022 च्या जानेवारीत कर्नाटकात तुमकुरूला घडलेली गोष्ट आठवत राहिली. पिकअप गाडी घ्यायला गेलेल्या एका शेतकऱ्याला तिथल्या विक्रेत्यानं, तुझ्या खिशात दहा रुपये तरी असतील का, अशा अर्थाचं काहीतरी ऐकवलं. गड्यानं तासाभरात दहा लाख आणून दाखवले आणि म्हणाला, द्या गाडी. आता गाडी लगेच देता येईना ती शोरूमला! सगळ्या देशानं ती बातमी वाचली. मीही तेव्हा दोन वेळा वाचली होती. आता अंधारात छताकडे बघत मी तोच सूड माझ्यासाठी रचू लागलो. मी तासाभरात परत येतो, टेबलावर गड्डी आपटतो, तो मुलगा "सर, सर" करतो. पण प्रत्येक वेळी गोष्ट त्याच जागी अडायची. तासाभरात दहा लाख आणायचे, तर ते आधी कुठेतरी ठेवलेले असावे लागतात. माझे आहेत ते मुदत ठेवीत आहेत, आणि मुदतीआधी मोडल्यावर व्याज किती कापतात, हे मला कुणी सांगायला नको.

म्हणून मी स्वस्तातला सूड निवडला. मुलाच्या साखरपुड्यात शिवलेला ब्लेझर काढला. ऑगस्टच्या दमटाईत ब्लेझर घालणं हा सूड नेमका कुणावर, असं बायकोनं विचारलं. तिलाही बरोबर घेतलं, कारण बायको बरोबर असली की माणूस घेणारा दिसतो. स्कूटर दोन चौक अलीकडे लावून तिथून रिक्षा केली. त्याच शोरूममध्ये पुन्हा जाण्याची मात्र हिंमत झाली नाही. सूड दुसऱ्याच शोरूमवर घेतला.

आणि काय सांगू! दार उघडायला दोघं. "वेलकम सर, वेलकम मॅडम." गार पाणी, मग कॉफी, कॉफीबरोबर दोन-दोन बिस्किटं. आमच्या वाट्याला आला तो टाय लावलेला, विशीतला, आंबेजोगाईकडचा एक मुलगा. टायची गाठ एकदा कुणीतरी बांधून दिली असावी आणि तेव्हापासून तो ती न सोडता डोक्यातूनच काढत-घालत असावा.

"बजेट साधारण किती धरलंय सर?"

"बजेटचा प्रश्न नाही," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. बजेट नव्हतंच, त्यामुळे त्याचा प्रश्नही नव्हता.

मग मी 'ॲव्हरेज किती देते' हा प्रश्न मुद्दाम गिळला, कारण तो काका लोकांचा प्रश्न आहे. त्याऐवजी 'टॉर्क किती' म्हणून विचारलं. त्यानं आकडा सांगितला. मी "हं, ठीक आहे" म्हणालो. टॉर्क जास्त असावा की कमी, हे मला आजही माहीत नाही. सगळं छान चाललं होतं. पण बॉनेटपाशी आलो आणि माझ्या हातानं घात केला. वाकवलेल्या बोटाच्या पेरानं मी बॉनेट वाजवून बघितलं. टक टक.

इथे थोडं थांबावं लागेल. माझा हात असं का करतो, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आमच्या घराण्यात वस्तू डोळ्यांनी घेत नाहीत, कानांनी घेतात. आजी माठ घ्यायची ती टिचकी मारून. खणखणला तर माठ, बद्द वाजला तर तडा. नारळ कानाशी नेऊन हलवायचा, पाणी खळखळलं पाहिजे. कलिंगडाला टपली मारायची आणि कलिंगडवाल्याला गप्प करायचं, कारण तो मध्येच "लालभडक आहे ताई" म्हणाला की आवाज नीट ऐकू येत नाही. तुळशीबागेत पितळेचं पातेलं घेताना आजी ते बोटांवर तोलून चमच्यानं वाजवायची. दुकानदार वैतागून म्हणायचा, "आजी, पातेलं घेताय की जलतरंग?" चांदीचा रुपया ती फरशीवर टाकून ऐकायची. खणखणीत नाणं म्हणजे काय, ते मी पुस्तकात वाचलेलं नाही, स्वयंपाकघराच्या फरशीवर ऐकलेलं आहे. माझं स्थळ आलं तेव्हा सासऱ्यांनी माझी पाठ थोपटली होती. मला वाटलं, कौतुकानं. बायको म्हणते, बाबा वाजवून बघत होते.

आणि हा काही अडाणीपणा नाही. मोटार कंपन्यांत म्हणे गाडीचं दार बंद होताना कसा आवाज यावा, यावर काम करणारे अभियंते असतात. 'खट्' आला तर गाडी स्वस्त वाटते, 'धप्प' आला तर भारदस्त. म्हणजे ज्यासाठी ते लोक पगार घेतात, ते आमची आजी फुकट करत होती. आता गाडीची मजबुती ठरवायला तारे देतात, हेही मला ठाऊक आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झालं. त्यात गाडी ताशी 64 किलोमीटर वेगानं अडथळ्यावर नेऊन आदळतात आणि आत बसवलेल्या बाहुल्यांचं काय झालं ते मोजतात. चांगली गोष्ट आहे. पण ते त्यांच्या जागी आणि माझं बोट माझ्या जागी. माझी चाचणी ताशी शून्य किलोमीटर वेगानं होते, आणि तीत कुणाला लागत नाही.

वडिलांनी तर चेतक वाजवली होती. नोंदणी केली तेव्हा मी चौथीत होतो, स्कूटर आली तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं. त्या काळी स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. नुसतं बघायला जायची पद्धतच नव्हती, बघायला दुकानात असायचं काय? आलेली प्रत्येक स्कूटर आधीच कुणाची तरी असायची. नंबर लागल्याचं पत्र आलं, तेव्हा वडील इस्त्रीचा शर्ट घालून गेले, मला बरोबर घेतलं. काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "सही करा." वडिलांनी सही करण्याआधी स्कूटरचा पत्रा बोटानं वाजवला. टक टक. तेव्हा मात्र त्यानं मान वर केली. "वाजवताय काय? नको असेल तर सांगा, मागे रांग आहे." वडील काही बोलले नाहीत. पुन्हा एकदा वाजवला, मान हलवली आणि सही केली. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला 'नको' म्हणायची सोय नव्हती. रंग निवडायचीही नव्हती. पण वाजवून बघायची होती, आणि तेवढी त्यांनी सोडली नाही.

तर, टक टक. टायवाला मुलगा माझ्या बोटाकडे बघत राहिला. ब्लेझरखाली कोण आहे, हे बहुतेक त्याला तिथेच कळलं. पण तो 'सर'च म्हणत राहिला. आत बसा म्हणाला, बसलो. स्टिअरिंग धरलं. सनरूफ उघडून दाखवलं, त्यातून पाऊस आत येईल अशी भीती मला शोरूमच्या छपराखालीही वाटली. मग त्यानं कोटेशनचा कागद केला.

गाडीची किंमत वाढते कशी, हे लग्नघरातली जेवणाची पानं वाढताना पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. एक्स-शोरूम आठ लाख, म्हणजे घरचीच माणसं. मग आरटीओचा कर. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के, म्हणजे अठ्ठ्याऐंशी हजार, ही सख्ख्या व्याह्यांची पंगत, तिला नाही म्हणता येत नाही. मग विमा. त्यातला थर्ड पार्टीचा भाग 2018 पासून एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, म्हणजे पाहुणे आले ते मुक्कामालाच. मग फास्टॅग, वाढीव वॉरंटी, मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, आणि 'हँडलिंग' नावाचा एक गृहस्थ, ज्याला मुलाकडचे म्हणतात मुलीकडचा आणि मुलीकडचे म्हणतात मुलाकडचा. शेवटी 'ऑन-रोड' असा जो आकडा आला, तो बघून रस्त्यावर कोण येणार, ते नीट कळलं.

मी कागदाची घडी घातली, ब्लेझरच्या खिशात ठेवली आणि मराठी माणसानं अशा प्रसंगासाठीच घडवलेलं वाक्य उच्चारलं.

"घरी विचारून कळवतो."

"घरी" माझ्या शेजारीच बसून दुसरं बिस्कीट खात होती.

या वाक्यावर एखाद्यानं प्रबंध लिहायला हवा. कांदेपोहे खाऊन झाल्यावर, 'मुलगी छान आहे' आणि 'येतो आम्ही' यांच्या मधोमध ते म्हणतात. कळवणारा कधी कळवत नाही आणि ऐकणाऱ्याला तेवढ्यातच सगळं कळतं. गाडीच्या बाबतीत मात्र मुलीकडचे फोन करत राहतात.

पहिला फोन दुसऱ्याच दिवशी आला. "सर, मग काय ठरलं?" मी म्हणालो, गणपती होऊ देत. गणपती झाले. मी म्हणालो, आता पितृपक्ष लागला, या दिवसांत कोण गाडी घेतं? तो म्हणाला, बरोबर आहे सर. पंधरा दिवस शांततेत गेले. पण 2025 च्या सप्टेंबरात माझ्याविरुद्ध मोठाच कट झाला होता. 21 तारखेला सर्वपित्री झाली, 22 ला घट बसले, आणि त्याच 22 तारखेपासून सरकारनं छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आणला. 'महाग आहे' हे कारण आणि 'मुहूर्त नाही' हे कारण एकाच सकाळी गेलं. पितरांनी आणि दिल्लीनं ठरवून साथ सोडावी, तसं. सकाळी सव्वादहाला फोन. "सर, आता काय म्हणता?" आवाजात घटस्थापनेचा उत्साह होता. मी म्हणालो, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. कुणाचं ते बोललो नाही.

पण कबूल करायला हवं, मला त्या फोनची सवय लागली होती. निवृत्तीनंतर माझा फोन फारसा वाजत नाही. वाजलाच तर पलीकडे वीजबिल असतं, नाहीतर मुलगा. आणि मुलगा 'सर' म्हणत नाही. हा पोरगा रोज दोनदा म्हणायचा. "सर, जेवलात का?" असंही एकदा विचारलं त्यानं. मी बायकोसमोर मुद्दाम स्पीकरवर ठेवायचो. दसरा गेला, दिवाळी गेली, आणि फोन थांबले. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. शेवटी मीच त्याला फोन केला. बायको म्हणाली, "तुम्ही त्याला गाडी विकताय की काय?"

त्यानं ओळखलं. हसला. "सर, तुम्हाला कोल्डमध्ये टाकलंय सिस्टिमनं." आमच्यासारख्यांच्या तिथे हॉट, वॉर्म आणि कोल्ड अशा याद्या असतात. गरम, कोमट, गार म्हटल्यावर मला पोळीवाल्या मावशी आठवल्या. मी जरा दुखावूनच विचारलं, "तुला कधी वाटलं, की मी घेणार नाही?"

"पहिल्याच दिवशी, सर."

"बॉनेट वाजवलं तेव्हा?"

"नाही सर, ते बरेच जण वाजवतात. तुम्ही आत बसलात पण सीट मागे घेतली नाही. गुडघे अडत होते, तरी तसेच बसलात. घेणारा माणूस आधी सीट आपल्या मापाची करतो."

मी गप्प झालो. मग म्हणालो, "तरी कॉफी पाजलीस?"

"त्या दिवशी सकाळपासून कोणी आलं नव्हतं, सर. टेबलावर गिऱ्हाईक नसलं की मॅनेजर आम्हाला सिग्नलवर पत्रकं वाटायला पाठवतात. तुम्ही होता म्हणून तासभर एसीत बसलो. बिस्किटं पण खाल्ली."

फोन ठेवल्यावर मला हसू यायला हवं होतं. पण आठवलं ते बँकेतलं माझं गृहकर्जाचं टेबल. काचेखाली व्याजदराचा तक्ता, उजवीकडे अर्जांचा ड्रॉवर. "नुसती चौकशी करायची होती, साहेब" असं म्हणत लोक यायचे. मीही आधी पायच बघायचो. बूट असले की "बसा". भेगाळलेल्या टाचा दिसल्या की "फॉर्म संपलेत, सोमवारी या." फॉर्म ड्रॉवरमध्ये असायचे. एक जण तीन सोमवार आला होता. प्रत्येक वेळी दारात चपला काढून यायचा, त्या पुढच्या दारानं कुणी नेईल म्हणून मध्येमध्ये वळून बघायचा. चौथ्या सोमवारी आला नाही, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. टायवाल्या मुलाला निदान सिग्नलवर उभं राहणं टाळायचं होतं. माझ्याजवळ पंखा होता, खुर्ची होती आणि भरपूर वेळ होता. एक फॉर्म द्यायला माझं काहीच जाणार नव्हतं.

हे बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर ती म्हणाली असती, मग आता तरी गाडी घ्या.

गाडी घेतली नाही. परवाच्या रविवारी मात्र आम्ही वाघोलीकडे एक सँपल फ्लॅट बघायला गेलो. घ्यायचा नाहीच. पण सँपल फ्लॅटमध्ये पलंगावर उशा इतक्या छान रचलेल्या असतात की बायकोला आवडतं. ब्लेझर नव्हता. चपला होत्या. साइट ऑफिसातल्या मुलीनं त्या पाहिल्या, "बजेट काय?" विचारलं आणि आमच्याबरोबर येण्याऐवजी हातानं वरचा मजला दाखवला. वर स्वयंपाकघरात एक जोडपं आधीच होतं. पाठमोरा तो कोरडा सिंक न्याहाळत होता. ती ओट्यावर हात फिरवत म्हणत होती, "इथे मिक्सर, इथे डबे." तो वळला. टाय नव्हता, म्हणून क्षणभर ओळख पटली नाही.

"तुम्ही पण?" तो म्हणाला.

"बघायला आलोय," मी म्हणालो.

"आम्ही पण नुसतं बघायलाच."

बायका एकमेकींना पाहून हसल्या आणि बाल्कनीत गेल्या. तो बेडरूममध्ये गेला, वाकवलेल्या बोटाच्या पेरानं मधली भिंत वाजवली, मान तिरकी करून ऐकलं, आणि मला हात केला.

"काका, इकडे या, ऐका जरा. पोकळ वाजतेय ना?"

बाल्कनीतून बायकोनं वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी भिंतीला कान लावला.